कोठारातलं रिकामं फोल्डर

१

दादाचा आवाज चोरीला गेला, असं वहिनीने फोनवर सांगितलं, तेव्हा शंकाबाईंनी सवयीप्रमाणे पहिला संशय वहिनीवरच घेतला.

त्यात वहिनीचा काही दोष नव्हता. शंकाबाई होत्याच तशा. विमा कंपनीत उभा जन्म गेला, तो जळालेली गोदामं आणि विमा उतरवल्याबरोबर हरवणारे हार बघण्यात. निवृत्त झाल्या, तरी खोड गेली नाही. दूधवाला 'आज दूध अगदी ताजं आहे हं' म्हणाला, की त्या विचारायच्या, 'म्हणजे काल नव्हतं?' शंकाबाई हे नाव थोरल्या भावाने त्या शाळेत असतानाच ठेवलं होतं. तो एकटा त्यांना 'शंके' म्हणायचा.

म्हणायचा. आता म्हणत नव्हता. एका स्टुडिओत पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करणं हा दादाचा धंदा. डोळ्यांनी अधू माणसं, स्वयंपाक करता करता ऐकणाऱ्या बायका, सगळ्यांच्या घरी त्याचा आवाज जायचा. गेल्या हिवाळ्यात त्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, स्वरयंत्र गेलं. तेव्हापासून तो पांढऱ्या पाटीवर लिहून बोलत होता, आणि लिहायचा कंटाळा आला की नुसता हसत होता.

"वन्सं, ती वाचा-उपचारवाली बाई म्हणाली होती ना," शंकाबाई येऊन पोचल्यावर वहिनी स्टुडिओच्या पायरीवर बसून सांगत होती, "यंत्राला ह्यांचा जुना आवाज शिकवला, तर ह्यांनी टाइप केलेलं यंत्र ह्यांच्याच आवाजात बोलेल. पण मूळ रेकॉर्डिंग हवं. घासूनपुसून चकचकीत केलेलं नको, खाली संगीत भरलेलं नको. जुन्या सगळ्या पुस्तकांची मूळ रेकॉर्डिंगं टाकून दिलीत. राहिलं होतं फक्त शेवटच्या पुस्तकाचं. मी काल, रविवारी, स्टुडिओच्या मालकांना फोन केला, लागला नाही. मग रेकॉर्डिंग करणाऱ्या कानसेनला केला, आणि आज डिस्क घेऊन आले. तर सगळं गायब!"

"गायब म्हणजे? पुसलं गेलं, की सापडत नाही?"

"पुसलं. कुणीतरी मुद्दाम." वहिनीने पदराने डोळे टिपले. "मालक म्हणतात, त्यांच्या सुनेनेच पुसलं."

शंकाबाईंनी वर पाहिलं. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक चेहरा त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी पाहताच तो मागे सरकला.

२

खिडकीतला चेहरा ह्या सुनेचाच होता. ती तिथे सगळ्यांचीच सूनबाई होती. मालकांची सून, आणि स्टुडिओचे संगणकाचे सगळे प्रोग्राम तिनेच लिहिलेले. तिच्या टेबलावरचा चहा तसाच गार झाला होता.

"मावशी, कोठाराची चावी माझीच होती," तिने बसायच्या आधीच सांगून टाकलं. "म्हणून मग चोर मीच."

"चोर आपणहून असं सांगत नाही," शंकाबाई म्हणाल्या, आणि मनात लगेच पुस्ती जोडली, हुशार चोर सोडून. "मला पहिल्यापासून सांग. लहान मुलीला सांगतेस असं समज."

सूनबाईने सांगितलं. रेकॉर्डिंग इथल्या संगणकात फार दिवस राहत नाही. दिवसाचं काम संपलं, की तिचा पायथन नावाच्या संगणकी भाषेतला प्रोग्राम ते ढगातल्या कोठारात पाठवतो. कोठार म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या तरी अवाढव्य यंत्रांवर भाड्याने घेतलेली जागा. माल पोचल्याची खात्री झाली, की इथली प्रत तो पुसून टाकतो. हाताने कोणी काही ठेवत नाही, काही हलवत नाही. सगळं प्रोग्रामच करतो.

"आणि ठेवतो कसं? कपाटातल्यासारखं, एकेका पुस्तकाचं एकेक फोल्डर?"

"दिसतं तसं. पण कोठारात फोल्डर नसतातच मावशी. नुसत्या वस्तू असतात आणि त्यांची लांबलचक नावं. 'अमुक पुस्तक, तिसरं प्रकरण, मूळ' असं नाव. माझा पडदा ती नावं वाचतो आणि एका पुस्तकाची एकत्र मांडून दाखवतो. लोकांना फोल्डर बघायची सवय असते ना, म्हणून."

"बरं. आणि पुसायचं झालं तर?"

सूनबाई घुटमळली. "झाडू नावाचा प्रोग्राम आहे. नावाची सुरुवात सांगायची. त्या सुरुवातीचं जे जे असेल ते सगळं झाडून नेतो. शनिवारी मी झाडू फिरवला होता. माइक तपासताना केलेल्या चाचण्या काढायला. मी 'चाचणी' एवढंच सांगितलं होतं, मावशी. शपथ. मूठभर कचरा निघाला. पण आता माझाच माझ्यावर विश्वास उरला नाही. म्हणजे... शनिवारी हात चुकला असेल का माझा?"

"पुसलेलं परत आणायची सोय नाही?"

"असते. जुन्या प्रती राखून ठेवता येतात. कोणी काय केलं याची नोंदही ठेवता येते. बाबा म्हणाले, कशाला जागा अडवायची. दोन्ही बंद." तिने आवाज खाली आणला. "कोठाराची चावी, म्हणजे पासवर्ड, ह्याच संगणकात ठेवलेली आहे. जो इथे बसेल, तो माझ्या नावाने बसेल. आणि ही खोली दिवसभर उघडी असते."

शंकाबाईंनी दाराकडे पाहिलं. दार खरंच उघडं होतं आणि दारात एक उंच, देखणा माणूस काखेत पुस्तक धरून उभा होता. त्याने ते चटकन पाठीमागे लपवलं.

३

हा स्टुडिओतला दुसरा वाचक. आवाज असा, की त्याने 'दार लावा' म्हटलं तरी ऐकणाऱ्याला कुणी कौतुक केल्यासारखं वाटावं. सगळे त्याला गोडगळा म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं.

"पुस्तक दाखवा," शंकाबाई म्हणाल्या.

त्याने निमूटपणे दाखवलं. दादाचं शेवटचं पुस्तक. पानापानावर पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा.

"वा! तिरडी उचलायच्या आत वारसदार तयार."

"ताई, असं काय बोलता हो!" त्याचे कान लाल झाले. "शेवटचं प्रकरण दादांचं राहिलंय. तेवढंच वाच, म्हणाले मालक. मला सगळं पुस्तक नकोय. ह्या खुणा आहेत ना, दादा जिथे श्वास घ्यायचे तिथल्या आहेत. ते वाचत असताना मी काचेबाहेर बसायचो. माझं प्रकरण त्यांच्या प्रकरणांशेजारी परकं वाटू नये, म्हणून."

शंकाबाईंनी पान उलटलं. सुरुवातीला रेघा दूर दूर होत्या. पुस्तक पुढे जाईल तशा जवळ येत गेल्या होत्या. शेवटी शेवटी तर ओळीओळीला रेघ.

"इथे एवढे श्वास कशाला?"

"दमायचे. कानसेन सारखं रेकॉर्डिंग थांबवायचा. दादा, गरम पाणी घ्या. दादा, जरा बसू या. आईसारखी काळजी करायचा. तसं त्याने माझ्यासाठी कधी पाणी मागवल्याचं आठवत नाही, पण ते जाऊ दे."

"आणि संगणक? सूनबाईचा?"

"मला फोनवर फोटो पाठवता येत नाही, ताई. बायकोला विचारा."

तो खोटं बोलत असावा असं शंकाबाईंना फार वाटून घ्यायचं होतं. इतका गोड आवाज म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच, असा त्यांचा अनुभव होता. पण ती पेन्सिल त्यांना खोटी वाटेना. दुसऱ्याचा श्वास इतक्या मन लावून मोजणारा माणूस त्याचा आवाज पुसेल?

मालक जिन्यात भेटले. हात जोडूनच बोलायला लागले.

"ताई, मला फार लाजिरवाणं झालंय. सून झाली म्हणून काय झालं? चूक ती चूक. उद्यापासून तिला कामातून मोकळी करतो."

"तुम्ही स्वतः काय पाहिलंत?"

"वहिनी आल्या, त्यांच्यासमोरच तो पडदा उघडला. बाकी सगळी पुस्तकं जागच्या जागी. दादांच्या पुस्तकाचं यादीत नावच नाही! मला वाटलं, चष्मा विसरलो. चष्मा लावला, तरी नाही. वहिनींनाही विचारा."

"आणि सुनेचं नाव कुणी घेतलं? तुम्हीच?"

"नाही हो. माझ्या तर डोक्यातच आलं नव्हतं." मालक ओशाळले. "कानसेन म्हणाला, शनिवारी झाडू फिरला होता."

४

ध्वनिमुद्रकाच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना जाड गादीसारखं काहीतरी मारलं होतं, त्यामुळे आपलाच आवाज आपल्याला परका वाटत होता. मध्ये कानसेन बसला होता. पन्नाशीचा, वाकलेला, कानांवर मोठे हेडफोन. मैफिलीत गाणारा तानसेन आणि जाणून ऐकणारा कानसेन, म्हणून हे नाव. दोन खोल्या पलीकडे पडलेली टाचणी कुठल्या लाकडावर पडली, ते तो सांगायचा म्हणे.

शंकाबाई आत आल्या तरी त्याने मान वर केली नाही. त्याचे ओठ हलत होते. मग एकदम दचकला आणि हेडफोन गळ्यात उतरवले.

"या ताई. दादा कसे आहेत?"

"बोलत नाही," शंकाबाई म्हणाल्या. "तू काय पाहिलंस?"

"सकाळी सगळ्यांच्या आधी मीच येतो. वहिनी यायच्या होत्या, म्हटलं, माल काढून ठेवावा. सूनबाईच्या संगणकावर दादांच्या पुस्तकाचं फोल्डर उघडलं. रिकामं! आत नुसता ठणठणाट."

"सूनबाईच्याच संगणकावर? ह्या तुझ्या नव्हे?"

"तिच्याच. इथलं सगळं तर रोज पुसलं जातं."

"फोल्डरवर नाव होतं?"

"होतं की. पुस्तकाचं नाव होतं, म्हणून तर उघडलं. आत काहीच नव्हतं."

"आणि शनिवारी तू?"

"बहिणीकडे होतो. दुसऱ्या गावी. विचारा कुणालाही." त्याने नजर खाली घातली. "पोरगी चांगली आहे हो ताई. मुद्दाम नसेल केलं. तिला फार बोलू नका."

शंकाबाई उठल्या. दाराशी जाऊन वळून पाहिलं. कानसेनने पुन्हा हेडफोन चढवले होते. समोरचं यंत्र बंद होतं, एकही दिवा लागलेला नव्हता. हेडफोनची वायर यंत्राकडे जातच नव्हती. ती त्याच्या शर्टाच्या खिशात गेली होती.

त्यांना एकदम फार वाईट वाटलं. हा माणूस त्यांच्या भावाचा वीस वर्षांचा सोबती होता, आणि आता त्यांना कळलं होतं.

५

"सूनबाई," सगळे तिच्या खोलीत जमल्यावर शंकाबाई म्हणाल्या, "एक गंमत करून दाखव. 'शंका' नावाचं फोल्डर कर आणि त्यात काहीतरी ठेव."

सूनबाईने दोन ओळी लिहिल्या. पडद्यावर पुस्तकांच्या रांगेत 'शंका' उगवलं.

"आता ह्यातलं सगळं झाडून टाक."

"टाकलं."

"आता ते रिकामं फोल्डर ह्या सगळ्यांना दाखव."

"रिकामं कसं दाखवू, मावशी?" सूनबाई गोंधळली. "मी सांगितलं ना, फोल्डर नसतंच. वस्तूचं नाव असतं म्हणून ते दिसतं. वस्तू गेली, नाव गेलं, मग पडद्याने मांडायचं काय?"

यादीत 'शंका' नव्हतं. मालकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"मालक म्हणाले, यादीत नावच नाही. वहिनीनेही तेच पाहिलं. डोळ्यांनी पाहिलेला माणूस तेच सांगणार," शंकाबाई म्हणाल्या. "एकाने मात्र नाव पाहिलं आणि आतलं रितेपणही पाहिलं. इथे कधीच, कुणालाच दिसू शकत नाही, ते त्याने पाहिलं. सामान गेलं तरी कपाट उरतं, हे आपल्या घरातलं झालं. म्हणून खोटं रचताना त्याने आपल्या घरातलंच रचलं."

सगळ्यांच्या माना वळल्या. कानसेन दाराला टेकून उभा होता.

"गल्लत झाली असेल," तो पुटपुटला. "माझ्या संगणकावरचं पाहिलं असेल मी."

"म्हणून तर तुला दोनदा विचारलं. बरं, गल्लत धरू. मग दुसरं सांग. हे रेकॉर्डिंग महिनोन् महिने कोठारात पडून होतं, कुणी ढुंकून पाहिलं नाही. ते कुणाला हवंय हे शनिवारी इथे कुणालाच ठाऊक नव्हतं. रविवारी कळलं, ते एकट्याला. वहिनी, फोनवर तू त्याला काय म्हणालीस? शब्द न् शब्द सांग."

वहिनी आठवत आठवत बोलू लागली. "म्हटलं, मूळ रेकॉर्डिंग द्या. ती बाई ऐकणार आहे. ती म्हणाली... ती म्हणाली, आवाज कुठल्या प्रकरणापासून बिघडत गेला तेही तिला मूळ ऐकून सांगता येईल." आणि वहिनीचा हात तोंडावर गेला.

"सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्याने झाडूला पुस्तकाचं नाव सांगितलं. आळ घ्यायला शनिवारचा झाडू तयारच होता." शंकाबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "पण तुझा हात धजला नसणार. माझ्या भावाचा आवाज पुसून टाकणारा हात तुझा नाही. आधी उतरवून घेतलंस, मग पुसलंस. खिशात काय वाजतंय, कानसेन? दे इकडे."

त्याने हेडफोन काढून दिले. शंकाबाईंनी ते कानांना लावले.

दादा होता. अगदी कानाशी. एक वाक्य, दोन वाक्यं, मग खोकला. मग कानसेनचा आवाज, लांबून: "दादा, घशात काहीतरी खरखरतंय. दाखवून या ना एकदा." आणि दादा: "थंडी असेल रे. चालू ठेव."

शंकाबाई खुर्चीवर बसल्या.

"पहिल्यापासून ऐकू येत होतं मला," कानसेन रडत होता. "इतर कुणाला आलं नसतं. एकदा म्हणालो, दोनदा म्हणालो, मग गप्प बसलो. पुस्तक छान चाललं होतं, मलाही ते पुरं व्हायला हवं होतं. ती खरखर रोज घासून काढायचो. चार महिने घासली. त्यांना हाताला धरून डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, आणि मी त्यांचा आजार पॉलिश करत बसलो. त्या बाईने ऐकलं असतं तर वहिनींना कळलं असतं. वहिनींनी मला जन्मात उंबरा चढू दिला नसता."

"आणि माझ्या सुनेचं काय?" मालक ओरडले. ओरडता ओरडता त्यांना स्वतःचंच काहीतरी आठवलं असावं. सुनेकडे न बघता ते म्हणाले, "पोरी, ती जुन्या प्रती राखायची सोय... चालू कर. दोन्ही सोयी कर."

"केल्यात, बाबा," सूनबाई म्हणाली. "तुम्ही मला काढायच्या आधीच केल्यात."

६

कानसेनला घेऊन शंकाबाई आणि वहिनी दादाकडे गेल्या.

दादाने सगळं ऐकून घेतलं. कानसेन उंबऱ्याबाहेरच उभा होता. दादाने पाटी घेतली. मग लिहिलं, 'मलाही ऐकू येत होतं.' खाली आणखी लिहिलं, 'माझाच गळा. याच्या कितीतरी आधी.'

वहिनीने ते वाचलं. "म्हणजे दोघांनी मिळून मला फसवलंत," ती म्हणाली, आणि आत निघून गेली. आतून भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला. तिचं चुकत नव्हतं.

ऑपरेशनआधीचे ते चार महिने शंकाबाई दादाशी दर रविवारी फोनवर बोलल्या होत्या. तोच खोकला त्यांनीही ऐकला होता, आणि 'मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर' एवढं सांगून फोन ठेवला होता. दूधवाल्यावर घेतलेल्या संशयातला चिमूटभर तरी त्या खोकल्यावर घ्यायला हवा होता. जगात एकाच माणसावर त्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला आणि नेमकं तिथेच चुकलं.

दादाने पाटी पुसली आणि कानसेनपुढे धरली. 'यंत्राला शिकवायचं काम तूच कर. आणि या वेळी खरखर काढू नकोस.'

वहिनीने कानसेनला उंबऱ्याच्या आत घेतलं, तोपर्यंत उन्हाळा संपत आला होता, आणि तेही चहा न विचारता. तो पिशवीतून यंत्र घेऊन आला होता. सूनबाई सोबत होती. तिने वायरी जोडल्या, कानसेनने डोळे मिटून काहीतरी ऐकलं आणि मान हलवली. दादाने टाइप करायला घेतलं. एका बोटाने, सावकाश, पडदा शंकाबाईंपासून लपवून.

मग खोलीत त्याचा आवाज आला. थोडा घोगरा, शेवटी जरासा अडखळलेला, खरखरीसकट.

"शंके, आता तरी विश्वास बसला का?"

आतल्या भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"नाही," शंकाबाई म्हणाल्या. "पुन्हा बोल."